डोळा एकच आहे हो माझा

...आणि वर डॉक्टरबाई मलाच विचारतात, थेंब का बंद केलेत? अहो, तुम्हाला सांगतो, थेंब घालायचा डोळ्यात, पण मागच्या दारानं तो उतरतो घशात, कडूजहर! त्यात रमजान. घशात उतरलं म्हणजे रोजा मोडला की नाही? एरवी रमजान आला की माझं पोट हटकून दुखतं, सगळ्या उर्फा शहराला ठाऊक आहे. पण यंदा मोतीबिंदू काढला, पट्टी सुटली आणि गच्चीवरची माझी कबुतरं पिसापिसानं दिसली! म्हटलं, अल्लानं एवढं दिलं, आपणही महिनाभर द्यावं. दिवसा थेंब बंद, गोळ्या बंद. आणि डोळा एकच आहे हो माझा!

डावा बेहचेतनं कधीच खाल्ला. हा असा आजार, की आपल्याच अंगातले शिपाई आपल्याच घरावर चालून येतात. डॉक्टर म्युजगानबाईंनी आधीच बजावलं होतं, "लोकांचं ऑपरेशन झालं की संपतं, नाजी उस्ता. तुमचं तिथून सुरू होतं. मी सांगेपर्यंत औषध सोडायचं नाही." मी मान डोलावली. हातोड्यांच्या ठणठणाटात काही ऐकू न येताच मान डोलावण्यात आम्हा तांबट उस्तादांचा हात कोण धरणार?

आधी डोळा लाल झाला, मग ठणका. मग एका सकाळी गच्चीवर गेलो तर नुसतं धुकं. पंखांची फडफड ऐकू येतेय, पाखरू दिसत नाही... डाव्याचं अस्संच सुरू झालं होतं. जिना बसत बसत उतरलो. डोळा एकच आहे हो माझा!

बाईंनी यंत्रातून पाहिलं आणि गप्प झाल्या. डॉक्टर ओरडला तर परवडतो हो, गप्प झाला की... मग म्हणाल्या, आत पू साचलाय. रोज्याचं कळल्यावर माझ्या बायकोनं, सादेतनं, तिथूनच आमच्या मशिदीच्या इमामांना, होजांना, फोन लावला. होजा शांतपणे म्हणाले, "थेंबानं रोजा मोडत नाही, आणि आजाऱ्याला रोजा माफ आहे. आजवर पोटासाठी सोडलास, नाजी, आणि डोळ्यासाठी धरलास होय?"

मग डोळ्याच्या कडेला सुई. तुमची सुई दंडात, तुम्ही तोंड फिरवता. मी काय फिरवू? येताना दिसली ना मला, मिनाराएवढी!

आता धुकं विरतंय. पण तासातासाला थेंब. बाहेर कबुतरं घुमतायत आणि सादेत शिशी घेऊन उशाशी, "वर बघा." जीव मुठीत धरून वाचवलेल्या डोळ्याला दिवसभर दिसतं काय, तर छत. बघतोय. निमूट बघतोय... डोळा एकच आहे हो माझा.