अडसर उचलणारा ट्रक

कौशल्या : घासून घासून बोटाची सालटी निघाली, अन् तुमी म्हनता अजून घास. किती घासू?

भगवंतराव : पट्टी मोटरच्या बुडाले चिटकली पाहिजे. मधातून उजेड दिसते काय?

कौशल्या : दिसते थोडकसा.

भगवंतराव : मंग घास.

कौशल्या : तुमचा हात चालत असता न, त कानस तुमच्या हातात देली असती अन् मी बसली असती खाटेवर हुकूम सोडत. कापसाच्या जिनिंगमधल्या पोरावर ओरडत होते तसेच माह्यावर ओरडता.

भगवंतराव : हात चालत असता त हा वीतभर ट्रक कायले बनवला असता, कौशल्या? उठून दार उघडलं असतं अन् ओट्यावर बसलो असतो उन्हात. तो एक अंगठा चालते डाव्या हाताचा. तेवढ्यावर रिमोटचं बटन दाबता येते, दुसरं काय येते?

कौशल्या : बोलता येते. तेच लय हाये.

भगवंतराव : आकांक्षाच्या सासूनं काय म्हटलं फोनवर? नीट सांगतलं नाही तू.

कौशल्या : नीट काय सांगू? बीपी वाढला म्हनते पोरीचा. डॉक्टरनं आजच भरती कराले सांगतलं. आज नाही त उद्या होईन म्हनते. पहिलं बाळंतपन मायच्या घरी होते सगळ्याइचं. माह्या पोरीचं अकोल्यात सासरी होऊन राहिलं, अन् माय अथी धामनगावात कानस घासते.

भगवंतराव : माह्यापायी.

कौशल्या : मी म्हटलं काय तसं?

भगवंतराव : म्हटलं नाही. पन रातभर कूस बदलते तू, ते मले ऐकू येते. दुपारची गाडी पकड आज.

कौशल्या : पकडीन. हे तुमचं लोढनं चाललं त पकडीन.

मोहसीन : काकू, येऊ काय आत?

कौशल्या : ये बाबू. दार लवकर लोट, कौलावर वांदरं बसले हायेत.

मोहसीन : पाह्यले न. आठ-दहा हायेत. एकानं आमच्या बाजूच्या ओट्यावरून अम्मीची पापडाची चादर नेली सकाळी. काका, काय म्हनते ट्रक?

भगवंतराव : मोटरच्या बैठकीचं काम अडलं. मोटर डुगडुगते. कुलरच्या पत्र्याची पट्टी वाकवली, तिलेच घासून राहिली तुही काकू.

मोहसीन : दाखवा. वा काकू, आमच्या मोटर वाइंडिंगच्या दुकानात लागून जा कामाले. नाही खरंच, साफ काम हाये.

कौशल्या : मस्करी नको करू. मले दुपारच्या गाडीनं निंघायचं हाये. आकांक्षा भरती हाये.

मोहसीन : अरे. मंग सोडा न काका हे ट्रकबिक. सीधी गोष्ट हाये. काकू गेल्या का बाहेरून कुलूप मारतो, किल्ली अम्मीपाशी. अम्मी दोन्ही टाइम डबा आनून देईन. सकाळ-संध्याकाळ मी येतो, अंग पुसून देतो तुमचं. झालं.

भगवंतराव : बाहेरून कुलूप नाही.

मोहसीन : पन काका—

भगवंतराव : एकदा सांगतलं न. खुशालराव चौकीदार तुले आठवत नाही, तू लहान होता. जिनिंगले आग लागली तवा तो गोदामात झोपला होता, अन् बाहेरून कुलूप होतं. किल्ली मालकाच्या घरी. आमी दाराले खांदे मारून राहिलो अन् तो आतून बोलून राहिला. मले नावानं हाक मारून राहिला. मंग बोलनं बंद झालं. बाहेरच्या कुलुपात मी राहत नाही. मंग मरतो त मरतो.

कौशल्या : आता ते नका काढू बापा. रातभर झोपत नाही तुमी मंग.

मोहसीन : बरं, कुलूप कॅन्सल. दार उघडंच ठेवा मंग. आपल्या गल्लीत कोन चोरून नेते?

कौशल्या : चोराचं नाही म्हनत मी. मागच्या बुधवारी मी नळावर गेली, दार उघडं. आली त एक हुप्प्या यायच्या छातीवर बसून भाकर खाऊन राहिला. यायले ना हाकलता येत होतं, ना भेवानं वरडता येत होतं. दात दाखवत होता तो.

भगवंतराव : वजनदार होता भाऊ.

कौशल्या : हासा. हासाले काय जाते.

भगवंतराव : म्हनून म्हनतो, अडसर आतून पाहिजे अन् तो मीच उचलला पाहिजे. मोहसीन, तुहीच त करामत हाये सगळी. अडसराले दोरी, दोरी वरच्या चकरीवरून खाली, अन् खाली ट्रक. मी बटन दाबतो, ट्रक मागं येते, दोरी ओढते, अडसर वर. तुही अम्मी, अकीलाभाभी, आत येते, डब्यातलं चारते, दार लोटून जाते. मी ट्रक पुढं घेतो, अडसर आपल्या वजनानं पडते. सोपं हाये. तो एक अडसर उचलन्याइतका जोर तेवढा पाहिजे.

मोहसीन : जोर हाये काका. फवारनीच्या पंपाची मोटर हाये, खेळन्यातली नाही. पंप तसेच धूळ खात पडले लोकायचे, कपाशीच कोनी लावून नाही राहिलं त फवारतीन काय. रिमोट तेवढा खेळन्यातल्या जीपचा. लावा बैठक, पाहून घेऊ.

कौशल्या : घ्या. झाली घासून. आता उजेड दिसत नाही.

भगवंतराव : बसव. मोटरचं गियर चाकाच्या गियरले टेकव. अजून. दाब न जरा. फट नाही पाहिजे, केसाइतकी बी.

मोहसीन : काका, लय दाबू नका.

भगवंतराव : तू वाइंडिंगवाला, तुले मशीनचं काय कळते? कस, कौशल्या. स्क्रू कस. आता दाबतो मी.

कौशल्या : हालत नाही. नुसता गुरगुरते.

भगवंतराव : नवीन हाये, सुटा होईन.

मोहसीन : सोडा, सोडा बटन. वास येऊन राहिला. जळीन मोटर. दुसरी नाही माह्यापाशी.

कौशल्या : गरम झाली वो. हात लागत नाही.

मोहसीन : काका, तुमी जिनिंगवानी बसवली हे. जिनिंगमधी चामड्याच्या रोलरले सुरी गच्च टेकते, तवा सरकी बाहेर राहते. गियरचं तसं नाही. दाताले फिराले जागा लागते थोडीकशी. नाही त एकमेकाले धरूनच बसतात.

भगवंतराव : जिंदगीभर सुरी टेकवली मी. फोरमन लोक माह्या हाताचं फिटिंग पाहाले येत बडनेऱ्याहून. ढिलं ठेव म्हननारा तू पहिला हाये.

मोहसीन : सुरीचं नाही म्हनत मी.

कौशल्या : जातं पाह्यलं न तुमी माह्या मायचं? खुंटा खाली बसला का वरची तळी खालच्या तळीवर रुतते. जातं ओढलं जात नाही, मंग माय खाली चिंधी घालत होती. तसंच हे. मोहसीन, तो कॅलेंडरचा कागद फाड. मधात ठेव.

मोहसीन : बरोबर काकू. कागद ठेवून कसायचं, मंग कागद ओढून घ्यायचा. पन त्याले पट्टी सरकली पाहिजे. भोक लांबट करा लागीन.

कौशल्या : म्हनजे अजून घासा. दे कानस इकडं.

भगवंतराव : घास.

कौशल्या : राग आला काय?

भगवंतराव : राग नाही. सगळं माहीत असलेला मानूस होतो मी अथी. बाकी काही नव्हतं, तेवढंच होतं.

कौशल्या : हाये अजून. बोलून राहिले न तुमी, सांगून राहिले न. मी घासली ते तुमच्याच सांगन्यानं घासली. धर मोहसीन, झालं भोक लांबट.

मोहसीन : दुसरा स्क्रू बसत नाही आता. एकच बसते.

भगवंतराव : एकच कस मंग. गच्च.

मोहसीन : कसला. कागद काढा काकू. हा. आता दाबा काका, हळू.

कौशल्या : चालला. चालला वो. हे पाहा दोरी तानली. अडसर उचलला.

मोहसीन : काय म्हटलं होतं? आता पुढं घ्या. पडला का अडसर? पडला.

भगवंतराव : पुन्हा करतो. पाह्य, पुन्हा उचलला. कौशल्या, मीनं उचलला.

कौशल्या : पाह्यलं. पाह्यलं न मीनं. डोळ्यात कचरा गेला माह्या पत्र्याचा.

मोहसीन : काकू, टाइम होऊन राहिला. ऑटो बोलावला मी, येईनच. बॅग बाहेर ओट्यावर नेऊन ठेवतो. मंग आपन दोघंबी बाहेर उभे राहू अन् काका आतून उघडून दाखवतीन. खरा टेस्ट तोच.

कौशल्या : हो, तसंच करू. गोळ्या उशाजवळ हायेत हो. पानी बी हाये नळीच्या बाटलीत. रिमोट सोडू नका हातातून.

(कौशल्या आणि मोहसीन बाहेर जातात. दार लागतं, आतून अडसर पडतो.)

कौशल्या : पडला. उचला आता.

मोहसीन : काका, दाबा.

कौशल्या : अहो, ऐकू येते काय?

भगवंतराव : येते.

कौशल्या : मंग उघडा न. मोटरची घरघर त आली ऐकू.

भगवंतराव : चालते ट्रक. पाह्यला मी चालवून. आता उघडत नाही.

कौशल्या : म्हनजे काय?

भगवंतराव : उघडलं का तू आत येशीन. गोळ्या पुन्हा दाखवशीन, मंग चादर झटकशीन, मंग भांडे घासाले बसशीन, अन् गाडी निंघून जाईन. बॅग बाहेर हाये न? जाय.

कौशल्या : माही चप्पल आत राह्यली.

भगवंतराव : अकीलाभाभीची घालून जाय.

कौशल्या : एकदा तोंड त पाहू द्या तुमचं.

भगवंतराव : सकाळपासून तेच पाहून राहिली. पोट्टीचं तोंड पाह्य आता. तथी तिले कोन हाये आपलं?

कौशल्या : भेव नाही वाटत तुमाले?

भगवंतराव : वाटते. तरी जाय तू.

कौशल्या : लय खराब मानूस हाये तुमी. मी रडून राहिली अथी, समजते काय?

भगवंतराव : समजते. ऐकू येते न मले.

मोहसीन : काकू, ऑटोवाला हॉर्न मारून राहिला. मी हाये न अथी.

कौशल्या : अकोल्याले उतरली का तुह्या फोनवर फोन करतो मी, मोहसीन. यायले द्यायचा. जातो वो. येतो मी.

भगवंतराव : ये. पोरीले सांग, मी बरा हाये.

मोहसीन : बसल्या काकू. निंघाला ऑटो. काका, अम्मीची चप्पल खरंच घालून गेल्या. उघडा आता, मी आत येतो.

भगवंतराव : ऑटो वळला काय?

मोहसीन : वळला. मारुतीच्या देवळापासून वळला.

भगवंतराव : पक्का?

मोहसीन : पक्का, काका. काहून?

भगवंतराव : तिनं पहिल्यांदा उचला म्हटलं न, तवाच दाबलं होतं मी. दोनदा दाबलं. मोटर फिरते अन् चाक जागचं हालत नाही. पट्टी सरकली असीन.

मोहसीन : या अल्ला. अन् तुमी तिले म्हटलं का— थांबा. फोन लावतो काकूले. स्टेशनवर पोहोचल्या बी नसतीन अजून.

भगवंतराव : लावशीन त हे तोंड तुह्याशी पुन्हा बोलनार नाही. लावू नको.

मोहसीन : मंग दार तोडतो. लोखंडी सब्बल आनतो घरून.

भगवंतराव : आन. पन तोडू नको अजून. गल्ली जमा होईन, कोनी तरी तिले फोन करीन, अन् ती गाडीतून उतरून परत येईन.

मोहसीन : मंग मी काय करू, काका? तुमाले असं आत ठेवून?

भगवंतराव : दाराले टेकून बस तथी. गाडी सुटल्याची शिट्टी ऐकू आली का तोड. तोवर काहीबाही बोलत राह्य माह्याशी, चूप नको बसू.