पहारेकऱ्याची शिट्टी

इस्तंबूलच्या इस्पितळात रांगेत बसलेली फेरिदे मागचं भांडण ऐकण्याच्या नादात आपला कागद उलटा धरून वाचत होती. मागे निवृत्त पहारेकरी रिफअत आणि बायको म्युजेल्ला यांची जुंपली होती.

"अहो, रक्तातले पहारेकरी, त्या पांढऱ्या पेशी, घरच्याच नसांना चोर समजून झोडताहेत. त्यांना शांत करायची गोळी घ्या, नाहीतर उरलेला डोळाही जाईल."

"पहाऱ्याला गुंगी द्यायची? तीस वर्षं गल्ली राखलीय मी!"

"राखलीत! माझ्या बाबांना त्यांच्याच दारात चोर म्हणून धरलंत."

"भिंतीवर चढत होते."

"किल्ली विसरले होते! चौकीच्या साहेबांनी महिनाभर तुमची शिट्टी काढून घेतली. त्या महिन्यात चोरी झाली?"

"नाही. पण तू चौकीवर भांडायला आलीस. लाल रुमाल बांधून. अजून दिसतेस."

"उद्याही दिसायला हवी ना?"

"...दे पाणी."