पेणच्या प्रसूतिगृहाची पश्चिमेची भिंत

आजच्या समारंभाचे अध्यक्ष आणि आपल्या रुग्णालय समितीचे प्रमुख माननीय हैबतराव, व्यासपीठावरील डॉक्टर मंडळी, रोह्याच्या दवाखान्यातून आवर्जून आलेले पाहुणे, धोंडुबाईंची सासर-माहेरची माणसं, माझ्या सहकारी भगिनी आणि मागच्या रांगेत बाळांना घेऊन बसलेल्या माउल्यांनो,

बाळं रडली तर खुशाल रडू द्या. मेट्रन म्हणून मला इथे एकवीस वर्षं झाली. त्या आवाजाशिवाय मला बोलणं सुचत नाही.

आज आपण धोंडुबाई मावशींना निरोप देतो आहोत. कागदोपत्री त्या जनरल वॉर्डातल्या आया. जन्म खाडीकाठचा, वडील मिठागरावर कामाला. त्यांच्या सेवेबद्दल डॉक्टरसाहेब इतकं छान बोलले की मी त्यात भर घालत नाही. मी फक्त एका भिंतीबद्दल बोलणार आहे. त्या भिंतीपायी आम्हा दोघींचं कडाक्याचं वाजलं होतं, हे इथे किती जणांना माहीत आहे? कुणालाच नाही ना? मग ऐकाच.

आपल्या वॉर्डाची पश्चिमेची भिंत एप्रिल-मेच्या दुपारी अशी तापायची की हात टेकवत नसे. बाळंतिणी खाटा ओढून मधोमध आणायच्या, आम्हाला चालायला वाट उरायची नाही, आणि बाळांची अंगं घामोळ्यांनी लाल. चार वर्षांपूर्वी एका देणगीदारांनी तिला बाहेरून हिरवी भिंत लावून दिली. लोखंडी जाळी, कापडी पिशव्या, परदेशी झाडं, पाण्याच्या बारीक नळ्या. फोटो फार सुंदर आले! श्रावणात निम्मी झाडं कुजली, उरलेली होळीपर्यंत वाळली, आणि पिशव्यांत डास झाले. लावणाऱ्यांचं मन वाईट नव्हतं. पण आपला चार महिन्यांचा पाऊस आणि खाडीवरचं खारं वारं त्यांनी हिशेबात धरलंच नव्हतं. पिशव्या काढल्या, जाळी तेवढी राहिली. समितीने ठरवलं, पुढच्या उन्हाळ्यात पत्रा ठोकू.

मावशी मला म्हणाल्या, “सिस्टर, पत्रा नको, अजून तापंल. हितलीच झाडं लावून बघू ना.”

मी म्हणाले, “मावशी, तुम्ही लादी पुसा.”

होय, अगदी याच शब्दांत म्हणाले. आज सांगताना लाज वाटते.

त्या पावसाळ्यात मावशींनी जेवणाच्या सुट्टीत काम सुरू केलं. भिंतीमागे कुणी फिरकत नाही, त्यामुळे कळलंही नाही. सोललेल्या नारळांची सोडणं, म्हणजे वरची काथ्याची सालं, गोळा करायची, त्यांत माती भरायची आणि जाळीला बांधायची. वर, जिथे ऊन सर्वांत जास्त, तिथे मिठागराच्या बांधावरून आणलेली कांडवेल. मध्ये आंब्याच्या जुन्या खोडांवर वाढतो तो बाशिंग नेचा. आणि तळाला, जिथे पाण्याच्या फिल्टरचं वाया जाणारं पाणी पडतं, तिथे विहिरीच्या कडेचे नाजूक नेचे. प्रत्येकाला त्याच्या सवयीची जागा. तिसरा हिस्सा भिंत भरली.

एप्रिलमध्ये पत्रेवाल्यासाठी माप घ्यायला मी मागे गेले, तर मधल्या पट्ट्यात सगळी तपकिरी, वाळकी पानं! मी तिथल्या तिथे मेमो काढला: ‘रुग्णालयाच्या भिंतीवर कचरा टांगल्याबद्दल खुलासा द्यावा व सोमवारपर्यंत तो काढून टाकावा.’

मावशी कागद घेऊन आल्या. “सिस्टर, कचरा नाय, बाशिंग हाय. झाला खुलासा. सही कुठं करू?”

“अहो, ते मेलंय!”

“मेलं नाय, आवरून बसलंय. एवढ्या उन्हात आपण तरी कुठं उभं ऱ्हातो?”

मी ऐकलं नाही. शनिवारी दुपारी वॉर्डात गेले, तर वडखळकडच्या हौसाबाई, म्हणजे लेकीच्या बाळंतपणाला आलेल्या आजी, खाट भिंतीकडे ढकलत होत्या. लेक पूजा, सिझेरियनचा तिसरा दिवस, तिला म्हणत होत्या, “हिकडं सरक गो. हितं गार हाय.” मी रागावून पुढे झाले आणि खाट थांबवायला भिंतीला हात टेकला. हात तिथेच राहिला. दोन पावलं पलीकडे टेकवला, तर चटका बसला. मागे, बाहेर, ती वाळकी पानंच सावली धरून होती. पूजाचं बाळ निवांत झोपलं होतं.

सोमवारी अध्यक्षमहाराज आले. म्हणाले, “मेलेलं झाड काय सावली देणार?” मी त्यांचा हात धरून आधी इकडे टेकवला, मग तिकडे. हैबतराव, तेव्हा आपण जो शब्द उच्चारलात तो मी इथे सांगत नाही. पत्रेवाला चहा पिऊन परत गेला.

मग मी भिंतीमागे गेले. “मावशी, चुकलं माझं.”

त्या म्हणाल्या, “चुकलं तर चुकलं. आता हे सोडण धरा, माझे हात पुरत नाय.”

आज अख्खी भिंत भरली आहे. मे महिन्यात भिंतीलगतच्या खाटेसाठी बाळंतिणींत रुसवेफुगवे होतात. पावसात बाशिंग पुन्हा हिरवं होतं, आणि कुणी न लावता मधूनच तेरडा फुलतो.

रोह्याच्या पाहुण्यांना त्यांच्या दवाखान्यालाही अशीच भिंत करायची आहे, म्हणून त्यांनी मावशींकडे झाडांची यादी मागितली. मावशी म्हणाल्या, “यादी कशाला? आधी तुमच्या कुंडलिकेचा काठ बघू दे, तिथल्या विहिरी बघू दे. तिथं काय आपसूक जगतं, तेच लावू.” निवृत्त होणारी बाई अशी असते का हो?

असो. समितीचे, स्वयंपाकघरातल्या भगिनींचे आणि एवढा वेळ शांत राहिलेल्या बाळांचेही आभार. बोलण्याच्या भरात अध्यक्षांची थोडी थट्टा झाली, कुणाचं नाव राहिलं असेल, तर पोटात घाला. येत्या गुरुवारी सकाळच्या गाडीने मावशी रोह्याला निघणार आहेत. मलाही त्यांच्याबरोबर जायचं आहे, शिकायला. अध्यक्षमहाराज, रजेचा अर्ज आपल्यासमोर टेबलावर ठेवला आहे. सही तेवढी आत्ताच करा, म्हणजे मी खाली बसते.