दुसऱ्या टोकाला

(जुन्या नॉर्वेचा खडकाळ किनारा. शरदातली सकाळ. योरुन आणि तिची विधवा सून हाल्ला शेवाळ गोळा करतायत. दूर पाण्यातल्या खडकावर ओस्पाक नावाचा कोळी अडकलाय.)

हाल्ला: तो बघा, हात हलवतोय! आई, त्या काळ्या खडकावर. माणूस आहे.

योरुन: बघू नकोस तिकडे. टोपली उचल, घरी चल.

हाल्ला: घरी? भरती चढतेय. गुडघ्यापर्यंत पाणी आलंय त्याच्या.

योरुन: म्हणजे राणचं जाळं पडलंय त्याच्यावर. समुद्राच्या मालकिणीच्या ताटातला घास काढू नये, पोरी. एक सोडवला की ती दुसरा ओढून नेते.

हाल्ला: गडीमाणसं सगळी मेंढरं उतरवायला डोंगरात. आपण दोघीच आहोत, आणि होडी ही इथे पडलीय.

योरुन: आणि तो माणूसच आहे कशावरून? राणचा नवरा तो एगिर राक्षस, त्याच्या मुली अशाच बोलावतात. आज लाट, उद्या माणूस. आवाजसुद्धा हुबेहूब काढतात...

ओस्पाक: अगं ए बायांनो! बघत काय राहिलात? डोळे फुटले काय तुमचे!

हाल्ला: घ्या. राक्षसाच्या मुली अशा बोलतात?

योरुन: नाही. शिव्या देतोय म्हणजे माणूसच दिसतोय मेला.

हाल्ला: मी होडी ढकलते.

योरुन: थांब, हाल्ला! माझा थोर्मोद राणच्या घरात आहे गं. तुझा नवरा. बुडाला त्या दिवसापासून तिच्याच बाकावर बसलाय. आपण तिचा माणूस चोरला, तर ती राग काढणार कोणावर? त्याच्यावरच ना?

हाल्ला: मला काय भीती वाटत नाही? साधं शेवाळ वेचायला आले तरी वाटते.

योरुन: मग?

हाल्ला: मग काय! होडी पाण्यात गेलीय. येताय, की एकटीच जाऊ?

योरुन: एकटीला झेपणार आहेत का ती वल्ही! सरक तिकडे.

हाल्ला: आई, डावीकडून मोठी लाट येतेय! केवढी...

योरुन: कोल्गा आहे ती. एगिरच्या मुलींमधली सगळ्यात गार. होडीचं तोंड तिच्याकडे कर, पाठ दाखवू नकोस. ओढ! ओढ गं!

हाल्ला: आत पाणी आलं!

योरुन: येऊ दे. खडक बघ, पाणी बघू नकोस. अजून थोडं... धर त्याला, काखेत हात घाल!

ओस्पाक: हळू. बोटं मिटत नाहीत माझी.

योरुन: उडी मार रे!

ओस्पाक: नाही येत मारता. पाय... खालून ओढ आहे पायाला.

हाल्ला: आई! खरंच ओढतंय काहीतरी. होडी कलतेय!

योरुन: जाळंच. म्हटलं नव्हतं मी? तिचं जाळं!

ओस्पाक: तिचं नाही, आमचंच. मासे धरायचं. पायात गुंतलंय.

हाल्ला: सुरी काढा, आई! कापा ते!

ओस्पाक: नका! कापू नका! दुसऱ्या टोकाला माझा भाऊ आहे.

हाल्ला: कुठे?

ओस्पाक: खाली. होडी उलटली तेव्हा माझ्या हाताला खडक लागला, त्याच्या हाताला जाळं.

योरुन: ओढतोय अजून?

ओस्पाक: आधी ओढत होता. मग... उजाडल्यापासून नुसता लाटेबरोबर हलतोय.

हाल्ला: दुसरी येतेय, आई! लवकर!

योरुन: नाव काय त्याचं?

ओस्पाक: कशाला?

योरुन: नाव सांग रे बाबा!

ओस्पाक: स्टेइनार. धाकटा माझा. फार बुजरा आहे हो तो, परक्या घरी पाणीसुद्धा मागत नाही...

योरुन: स्टेइनार, बाळा, मी सोडतेय तुला. रागवायचं तर माझ्यावर रागव.

ओस्पाक: नका हो, पाया पडतो...

हाल्ला: सुटला! आला आत! खाली वाका, वाका सगळे!

योरुन: हाल्ला? हाल्ला!

हाल्ला: आहे. आहे मी. गेली ती. तुम्ही?

योरुन: आहे. पाणी उपस. वल्ही मी धरते.

ओस्पाक: मी त्याला सोडला.

योरुन: तू नाही. सुरी माझ्या हातात होती. राणला जाब विचारायचा असेल तर मला विचारेल.

ओस्पाक: तिथे त्याच्या ओळखीचं कोणी नाही.

योरुन: आहे. थोर्मोद आहे. लाल दाढीचा, बडबड्या. माझा मुलगा. आमच्या घरी कोणी नवखं दारात उभं राहिलं, की सगळ्यांआधी तो सरकून जागा करायचा.

ओस्पाक: तिथेही करेल? खरंच?

योरुन: तिथलं मला काय ठाऊक रे. मला माझा मुलगा ठाऊक आहे. चल, दुसरं वल्हं घे.