मेलेली लाइन

(महामार्ग खात्याच्या ऑफिसातलं टेबल. एका बाजूला हेडक्लार्क. समोर पाणी संस्थेच्या सेक्रेटरीबाई आणि संस्थेचा फिटर; त्याला सगळे मामा म्हणतात. टेबलावर पाण्याचा जग.)

बाई : म्हणजे अकरा लाख चाळीस हजारांवर आम्ही पाणी सोडायचं, असंच ना?

हेडक्लार्क : मॅडम, आवाज चढवून फाइल पुढे सरकत नाही. आधी पाणी घ्या.

बाई : तुमचं पाणी नको. उत्तर द्या.

हेडक्लार्क : उत्तर शेऱ्यात आहे. 'सदर जलवाहिनी मृतावस्थेत असल्याने स्थलांतराचा खर्च देय नाही.'

बाई : अरे वा! मयत झाली आणि घरच्यांना पत्ताच नाही.

हेडक्लार्क : थट्टा नको. रस्ता रुंद करताना चालू लाइन आड आली, तर ती हलवायचा खर्च आमचं खातं भरून देतं. बंद पडलेल्या लाइनचा देत नाही. इतकं साधं आहे.

बाई : साडेचारशे घरं आहेत त्या लाइनवर. त्यांना बावीस वर्षं काय वारा पाजत होतो आम्ही?

हेडक्लार्क : मला काय माहीत? मी कागद बघतो. तुमच्याच माणसाने कामाच्या पत्रकात लिहिलंय. वाचू? 'तारीख बारा. सकाळी अकरा. मेलेली लाइन उपटायला घेतली.' खाली सही.

बाई : मामा, हे तुम्ही लिहिलंत?

मामा : लिहिलं, ताई.

बाई : 'मेलेली'?

मामा : मग मेलेलीच होती की. दहाला मीच मारली.

हेडक्लार्क : ऐका आता!

मामा : अहो साहेब, मारली म्हणजे व्हॉल्व्ह बंद केला. पाइपातलं पाणी उतरवलं, की आम्ही म्हणतो लाइन मेली. जिवंत लाइनला पाना लावला तर तोंडावर कारंजं उडतं. वायरमनही असंच बोलतो. तो काय रोज खून पाडतो?

हेडक्लार्क : तुमची भाषा तुमच्यापाशी. ऑडिटवाले शब्द बघतात. शब्द म्हणजे शब्द.

बाई : आणि अक्कल म्हणजे? ती कुठल्या रकान्यात भरतात?

हेडक्लार्क : मॅडम!

बाई : आणि मामा तुम्ही! 'बंद केलेली' लिहायला शाई जास्त लागत होती का? खात्याला जाणारा कागद आधी मला दाखवा, कितीदा सांगितलं?

मामा : आजच्या आज पाठवा म्हणालात. चिखलाच्या हातांनी, जीपच्या बॉनेटवर ठेवून लिहिला.

बाई : आता भोगा. सभासदांच्या ठेवी मोडून पाइप आणलेत. रविवारी सभा आहे. कमिटी काय म्हणते ठाऊक आहे ना? चूक फिटरची, तर पहिली कात्री फिटरच्या ग्रॅच्युइटीला. महिनाअखेर रिटायर होताय. रिकाम्या हातांनी जाणार घरी?

मामा : मामीला अजून सांगितलं नाही मी.

हेडक्लार्क : हे घरगुती बोलणं बाहेर जाऊन बोला.

बाई : बोलू की. आधी हे सांगा, लाइन हलवा म्हणून पत्र कोणाचं? तुमचंच. 'चालू जलवाहिनी पंधरा दिवसांत हलवावी.' हलवेपर्यंत चालू आणि पैसे मागितले की मेली?

हेडक्लार्क : ते छापील पत्र असतं. सगळ्यांनाच 'चालू' लिहितात. बारा तारखेला लाइन जिवंत होती, असा त्या दिवसाचा लेखी पुरावा आणा. सहीचा. लगेच शेरा बदलतो.

बाई : लाइनीची नाडी बघून सहीने कोण लिहून ठेवतं हो?

मामा : ताई... पिशवीत तक्रारवही आहे ना?

बाई : आहे. तिचं काय आता?

मामा : बारा तारीख काढा. हा जग बघून आत्ता आठवलं. दिवसभर पाणी नाही, हे मी सकाळीच दारोदार सांगून आलो होतो. एकच जागा राहिली. तिथून साडेदहाला फोनवर आरडाओरडा. मग पाण्याचे दोन कॅन आणि वही घेऊन मीच गेलो.

बाई : थांबा. 'कार्यालयातील नळाचे पाणी अचानक बंद. चहालादेखील पाणी नाही. ही बेपर्वाई आहे. ताबडतोब सुरू करावे.' आणि खाली... अगंबाई!

हेडक्लार्क : काय झालं?

बाई : अक्षर सुरेख आहे हो तुमचं.

हेडक्लार्क : बघू.

बाई : लांबूनच बघा, वही मी सोडत नाही. शेवटचा रकाना वाचा. मोठ्याने.

हेडक्लार्क : 'पाणी आले. सायंकाळी पाच वीस. तक्रार मिटली.'

बाई : सही?

हेडक्लार्क : ...माझी.

बाई : शब्द म्हणजे शब्द, नाही का? 'अचानक बंद.' मेलेली लाइन अचानक बंद कशी पडते, हे ऑडिटवाल्यांना तुम्ही समजावणार की मी येऊ?

हेडक्लार्क : आमचं ऑफिस त्याच लाइनवर आहे, हे माझ्या लक्षात...

बाई : कसं येईल? नळ सोडला की पाणी येतं. कुठून येतं, कोण आणतं, त्याचं पत्रक थोडंच असतं तुमच्याकडे!

मामा : साहेबांनीच दार उघडलं होतं त्या दिवशी. म्हणाले, कॅन बाहेर ठेव, फरशीवर चिखल नको.

हेडक्लार्क : ...वहीच्या पानाची झेरॉक्स द्या. शेरा बदलतो.

बाई : आत्ता. आमच्यासमोर.

हेडक्लार्क : 'पुराव्यावरून जलवाहिनी चालू असल्याचे दिसून येते, सबब खर्च देय.' झालं समाधान?

बाई : 'असल्याचे दिसून येते' खोडा. 'होती' लिहा.

हेडक्लार्क : '...चालू होती.' ही सही. शनिवारी मंजुरीचं पत्र न्या.

बाई : नेते. सभेत मीच वाचून दाखवणार आहे. चला मामा. घरी गेल्यावर मामीला हे सगळं सांगा, एकदम शेवटापासून.

मामा : थांबा ताई, घसा पार कोरडा पडलाय. साहेब, तो जग जरा इकडे करता?

हेडक्लार्क : घ्या ना. घ्या, मामा.

मामा : ...क्लोरीन थोडं जास्त झालंय. संध्याकाळी कमी करतो.