आधी ब्रीदर बघा म्हणे

ब्रीदर? — आधी ब्रीदर बघायला सांगा म्हणाला? आणि तुम्ही ते मला येऊन सांगताय, वा! अहो साहेब, स्पेअर पार्टच्या दुकानात तुम्ही सील घ्यायला गेला होतात ना? मग सील घ्यायचं, खिशात टाकायचं, यायचं. काउंटरवरच्या माणसाला कोण विचारतं? — नाही, तुमच्यावर नाही चिडत. मी चिडलोच नाहीये. गाडी घ्या खड्ड्यावर. हं, अजून थोडी — बस. बंद करा. तापलीय, असू दे, गरमच बघायची असते.

आता उतरा खाली, वाका जरा. हे ठिबकतंय ते. बोट लावून वास घ्या — घ्या हो, मरत नाही कुणी. कुजल्यासारखा घाण वास येतो की नाही? म्हणजे गिअरचं ऑइल. इंजिनचं असतं तर काळं असतं, जळकट वास आला असता. आणि गळतंय कुठून? मागून, दांडा बाहेर पडतो तिथून. तिथे काय असतं? सील, रबराची रिंग. ती झिजली की ऑइल गळतं, संपला विषय! — हो, ऐकलं, गाडी घेतल्यापासून दोन सीलं बदलून झाली, हे तिसरं. दोन्ही वेळा कुठल्या तरी गाढवाने बसवली असतील, दुसरं काय? यात ब्रीदर आला कुठून? ब्रीदर म्हणजे गिअरबॉक्सच्या डोक्यावरचं एक बारीक भोक, वर टोपी — आतली गरम हवा बाहेर जायला. तीस वर्षांत तुंबलेला ब्रीदर म्हणून मी बघितला नाही. पण तो अक्कल शिकवणार. त्याला पहिल्यापासून सगळं कळतं.

— ओळखतो का म्हणजे काय? सख्खा धाकटा भाऊ आहे तो माझा. नाही बोलला? कसा बोलेल! अकरा वर्षं याच खड्ड्यात माझ्या बरोबरीने उभा होता. पाना धरायला मी शिकवलं. आणि सहा वर्षांपूर्वी एका महिन्यात तीन गाड्या परत आल्या — तिन्ही गिअरबॉक्स आम्हीच खोलून केलेले, तिन्ही सीलं यानेच बसवलेली, आणि तिन्ही गळत होत्या. मग बोलायचं नाही का माणसाने? बोललो. तर तोंड वर करून मला म्हणतो, दादा, सील नाही, तुझ्या त्या रंगाने — जाऊ दे. गिऱ्हाइकासमोर म्हणाला हो! मग दिली एक ठेवून. चौतीस वर्षांचा होता, माहीत आहे मला. त्याची बायको डबा घेऊन आलेली, दारातच उभी. याने पाना खाली ठेवला, हात पुसले, गेला. त्यानंतर पान्याला हात लावला नाही म्हणतात, काउंटरवर बसून खोकी काढून देतो. एवढ्या नाकाला मिरच्या झोंबायला काय झालं? मोठा भाऊ उगारतो कधी हात. आई पण शेवटपर्यंत माझ्याशी धड बोलली नाही — तुला काय मिळालं रे, एवढंच विचारायची. मला काय मिळणार!

थांबा, बघतोच तो ब्रीदर. म्हणजे जाऊन सांगा त्याला, बघितला, काही निघालं नाही. चिंधी द्या ती. केवढा चिखल बसलाय... ही गाडी घेतलीत कुणाकडून? — बरं, तो पहिला मालक नाही. त्याच्या आधी कुणाची होती, ते नाही माहीत. नाही, विचारलं आपलं. हा रंग बघा, चंदेरी. गिअरबॉक्स कुणी रंगवत नाही साहेब. मीच रंगवायचो. काम झालं की ब्रशने दोन हात, गिऱ्हाइकाने वाकून बघितलं की नवंकोरं दिसलं पाहिजे. अख्ख्या बाजारात माझ्या एकट्याची पद्धत. सगळीकडे मारायचो, टोपीवर पण... टोपी फिरत नाहीये. भोकात रंग वाळून बसलाय. पक्कड — नको, सुई द्या, ती फळीवरची.

ऐकलंत? फुस्स — ऐकलंत ना? केवढी हवा कोंडली होती. तिला वाट नाही मिळाली की ती ऑइलला ढकलते, चांगल्या सीलमधूनही ढकलते. हे तिसरं बसवलं असतं तरी गळलंच असतं. त्या तीन गाड्या तशाच गळल्या. त्याने नीट बसवली होती सीलं. तिन्ही नीट बसवली होती, आणि मी त्याला...

वर या तुम्ही. आतलं सील चांगलं आहे, ऑइल भरून देतो. ते नवं परत — नाही, परत देऊ नका. परत दिलंत की तो समजेल. विचारणारसुद्धा नाही, नुसतं खोकं बघेल आणि समजेल. इथे राहू दे. आणि विचारलंच त्याने, ब्रीदर बघितला का, तर — फोन? मी करू? काय बोलू, सहा वर्षांनी? तुझं बरोबर होतं, ये, पाना घे? तो येईल हो. तेच तर! लगेच येईल, एक शब्द न बोलता खड्ड्यात उतरेल, आणि मग रोज सकाळी त्याच्या तोंडाकडे बघायचं मी. नाही जमणार. सांगा, सीलच गेलं होतं. दादाने ब्रीदर बघितला, साफ होता, असं सांगा. — बघताय काय असे माझ्याकडे? तुमची गाडी झाली ना? मग घ्या आणि निघा.