खिडकीखाली राहिलेले दोन निरोप

आजच्या समारंभाचे अध्यक्ष आणि आपल्या कन्हान खोरे जलमापन केंद्राचे संचालक आदरणीय मधुकरराव, व्यासपीठावर माझ्या उजव्या हाताला बसलेले प्राध्यापक चंपतराव, आजच्या सत्कारमूर्ती गोपिकाबाई मेश्राम, त्यांचे यजमान बापूजी, इंदोऱ्याहून खास आलेली त्यांची नातलग मंडळी, आणि खुर्च्या रिकाम्या असूनही दाराशी उभे राहिलेले वायरलेस खोलीतले माझे मित्रहो,

मला कार्यक्रमपत्रिकेत पाच मिनिटं दिली आहेत. विषय दिला आहे, ‘गोपिकाबाईंची पंचवीस वर्षांची निष्ठावान सेवा’. निष्ठावान सेवा म्हणजे नेमकं काय, हे पाच मिनिटांत कसं सांगायचं? १९६४ साली त्या इथे आकड्यांची कार्डं भोकं पाडून नोंदणाऱ्या पंचिंग मशीनवर लागल्या, आज सप्टेंबर १९८९ची तीस तारीख, त्यांच्या निवृत्तीचा दिवस. कार्डं गेली, टेप आल्या, टेप जायला निघाल्या. बाई होत्या तिथेच होत्या. एवढं सांगून मी खाली बसलो असतो तर अध्यक्षांना बरं वाटलं असतं. पण मी रुपराव भोयर, या केंद्राचा सिस्टिम इंजिनिअर, गेले पाच महिने एक गोष्ट गिळून बसलो आहे. ती आज बोललो नाही तर पुन्हा बोलायला या बाई इथे नसतील.

इंदोऱ्याच्या मंडळींना आमच्या कामाची कल्पना नसेल, म्हणून थोडक्यात सांगतो. नदीच्या वरच्या अंगाला आमच्या चौक्या आहेत. तिथला माणूस पाण्याची पातळी वायरलेसवर कळवतो. पूर्वी वायरलेस खोलीतून चिठ्ठी यायची आणि गोपिकाबाई ती वहीत चढवायच्या. मागच्या वर्षी नवीन संगणक आले, ज्यांच्या पडद्यावर एकाच वेळी अनेक चौकोन उघडतात. एकात पातळ्यांचा तक्ता, एकात आलेख, एकात वायरलेस खोलीतून टाइप होऊन आलेले निरोप. या चौकोनांना खिडक्या म्हणतात. कोणती खिडकी कुठे बसेल, कोण कोणाच्या वर येईल, हे ठरवणारा एक वेगळा प्रोग्राम लागतो, त्याला विंडो मॅनेजर म्हणतात.

आता हा प्रोग्राम एकच असता, तर तो बसवून आम्ही चहा प्यायला गेलो असतो. पण खिडक्यांची ही सगळी प्रणाली परदेशातल्या एका विद्यापीठातून टेपवर आली होती, मूळ कोडासकट, कोणीही वाचावी, कोणीही बदलावी अशी खुली. आणि त्या टेपवर विंडो मॅनेजर चार होते. चार म्हटल्यावर निवड आली. निवड म्हटल्यावर समिती आली.

त्या समितीत अध्यक्ष मधुकरराव, चंपतराव आणि मी. आम्ही आठ बैठका घेतल्या. मला विचारा, आठ बैठकांत काय केलं? मी म्हणत होतो, खिडक्या एकमेकींवर याव्यात, टेबलावर कागद पडतात तशा, आणि प्रत्येकीच्या माथ्यावर नावाची पट्टी असावी. चंपतराव म्हणत होते, एकही खिडकी दुसरीवर येता कामा नये, फरशा बसवतात तशा शेजारी शेजारी बसाव्यात. त्यांचं ऐकलं तर सातवी खिडकी उघडताच पातळ्यांचा तक्ता इतका बारीक व्हायचा की आकडे वाचायला भिंग लागावं. माझं ऐकलं तर काय व्हायचं, ते पुढे सांगतो. दोन बैठका खिडकीची कड किती जाड असावी यावर गेल्या. एक बैठक कडेच्या रंगावर गेली. आदरणीय अध्यक्षांना हिरवा हवा होता. पडदा काळा-पांढरा आहे, हे मी तीनदा सांगितलं. इतिवृत्तात नोंद आहे, ‘रंगाचा निर्णय पुढील बैठकीपर्यंत स्थगित.’

तिसऱ्या बैठकीत आणखी एक ठराव झाला. निरोप आला की संगणक बीप करायचा. त्या आवाजाने चर्चेत व्यत्यय येतो म्हणून तो बंद करायचं ठरलं, आणि मी माझ्या हाताने तो बंद केला.

पाचव्या बैठकीला मी म्हटलं, पडद्यासमोर दिवसभर बसतात गोपिकाबाई, त्यांना तरी विचारू या. त्यांना बोलावलं. त्या दारातच उभ्या राहिल्या. बसा असं कोणी म्हटलं नाही, मीही नाही. त्या म्हणाल्या, “साहेब, मले कडा-बिडा काही कळत नाही. पन एक खिडकी दुसरीच्या खाली गेली अन त्यात निरोप आला, तर मले दिसंल कसा?”

चंपतराव लगेच म्हणाले, “पाहा, माझंच म्हणणं.”

बाई म्हणाल्या, “तुमच्यात बी नाही दिसत साहेब. आकडाच वाचता येत नाही.”

मधुकरराव हसले. मीही हसलो. बाईंना जायला सांगितलं. त्या बैठकीच्या इतिवृत्तात त्यांचं नाव नाही. मी कालच पुन्हा पाहून आलो.

असो. अध्यक्ष घड्याळ बघत आहेत, मला दिसतं. पण आता ज्या दिवसाबद्दल बोलायचं आहे, त्या दिवशीही आम्ही सगळे भलतीकडेच बघत होतो, म्हणून आज थोडा वेळ मागतो.

एप्रिलची अठरा तारीख. मुंबईहून खात्याचे एक वरिष्ठ पाहुणे आले होते. त्यांना पडदा दाखवायचा होता आणि त्यांच्या तोंडून एकदाची निवड करून घ्यायची होती. उन्हाळ्यात नदीत काय असतं? पात्रात डांगरवाड्या असतात. टरबूज, काकडी. आपल्या केंद्राच्या हद्दीत यंदा चाळीसेक कुटुंबं वाळूत झोपड्या घालून राहत होती. उन्हाळ्यात पूर येत नाही म्हणून पाहुण्यांना दाखवायला वेगळा संगणकही ठेवला नव्हता. गोपिकाबाईंच्याच संगणकावर मी खेळ मांडला होता.

तीन वाजता सावरखेड्याच्या चौकीची पातळी यायची होती. आली नाही. निदान पडद्यावर दिसली नाही. मी पाहुण्यांना नावाच्या पट्ट्या दाखवत होतो. खिडकी अशी ओढता येते, अशी मोठी करता येते. मी ती मोठी केली. पूर्ण पडदाभर केली.

तीन वाजून पाच मिनिटांनी बाई माझ्या मागून म्हणाल्या, “साहेब, जरा ते बाजूले करता काय? तीनचा आकडा पाहाचा हाय.”

मी म्हटलं, “पाच मिनिटं थांबा.”

पंधरा मिनिटांनी त्या पुन्हा म्हणाल्या, “साहेब, सावरखेड्याचा माणूस कधी चुकत नाही. काहून आला नसंल?”

मधुकररावांनी मान वळवली आणि म्हणाले, “बाई, पाहुणे बसले आहेत.” मी काहीच म्हणालो नाही. चंपतराव पाहुण्यांना फरशीची उपमा समजावून सांगत होते.

तीन वाजून बावीस मिनिटांनी गोपिकाबाई पुढे आल्या आणि माझ्या हातातून माऊस काढून घेतला. हिसकावला नाही. एखाद्याच्या हातातली कपबशी घ्यावी तसा घेतला. माझी खिडकी खाली ओढली. तिच्याखाली दोन निरोप होते. पहिला तीन वाजून दोन मिनिटांचा, सावरखेडा येथे पाणी एक मीटर चढले. दुसरा तीन वाजून बारा मिनिटांचा, दोन मीटर, गढूळ, झाडे वाहत आहेत. वर सातपुड्यात गारपीट झाली होती. आमच्या डोक्यावर ऊन होतं.

वायरलेस खोलीतल्या माणसाने दोन्ही निरोप वेळेवर टाइप केले होते. त्याला आम्हीच सांगितलं होतं की आता चिठ्ठी घेऊन यायची गरज नाही.

बाईंनी आम्हा कोणालाही काही विचारलं नाही. फोन उचलला आणि कन्हानच्या पुलाजवळच्या आपल्या चौकीवर लावला. तिथे लहानू असतो. मी शेजारी उभा होतो, त्यांचं बोलणं मला शब्दाशब्दाने आठवतं.

“लहानू, आयक गा. पानी येऊन राहिलं. पाचच्या आत येते. तू खाली उतरू नको, काठाकाठानं सायकल घेऊन जा अन वरूनच हाका मार. सामान घेऊ देऊ नको कोनाले. लेकरं अन म्हातारे पयले.”

मग पोलीस ठाण्याला लावला, मग तहसील कचेरीला. चार वाजेपर्यंत त्यांनी अकरा फोन केले. पाहुण्यांना मधुकरराव चहाला घेऊन गेले होते.

पाणी पाचला पाच मिनिटं कमी असताना आलं. पात्रात एकही माणूस नव्हता. वाड्या गेल्या, झोपड्या गेल्या, दोन बकऱ्या गेल्या. माणूस एकही गेला नाही.

टाळ्या वाजवा, मीही वाजवतो. पण माझं बोलणं संपलेलं नाही.

धोंडबा नावाचे एक म्हातारे गृहस्थ होते, पासष्टीच्या पुढचे. त्यांची वाडी सगळ्यांत शेवटची. लहानूची हाक तिथे पोचेपर्यंत सगळे पळत सुटले होते. धोंडबा घाईत दरड चढताना घसरले आणि मांडीचं हाड मोडलं. नातवाने पाठीवर घेतलं म्हणून वाचले. त्यांना धंतोलीतल्या एका दवाखान्यात आणलं. मी त्यांना भेटायला गेलो. मी कोण, हे त्यांना ठाऊक नव्हतं. सरकारी माणूस आला एवढंच त्यांना कळलं.

ते म्हणाले, “पानी दिसलं नाही साहेब, आयकू आलं. थोडासाक येळ भेटला असता तर पोरं मले खाटेवर घेऊन गेले असते.”

थोडासाक वेळ म्हणजे किती? मला माहीत आहे. वीस मिनिटं. मी त्यांच्यापुढे टरबुजाच्या नुकसानीबद्दल बोललो आणि उठून आलो. आज ते काठी घेऊन चालतात. तीन महिन्यांपूर्वी बाईंना सोबत घेऊन मी पुन्हा गेलो आणि खरं ते सांगितलं. मग त्यांनी बाईंना विचारलं, “फोन तूच केला होता काय वं?” माझ्याकडे त्यांनी पाहिलं नाही, आणि ते बरोबरच होतं.

आता या केंद्राने पुढे काय केलं ते ऐका. एप्रिलच्या पंचवीस तारखेला गोपिकाबाईंना एक मेमो मिळाला. ‘दिनांक १८ रोजी दुपारी तीन वाजून बावीस मिनिटांनी आपण वरिष्ठांच्या परवानगीविना प्रात्यक्षिकाच्या यंत्रास हात लावून प्रात्यक्षिकात व्यत्यय आणला, याचा खुलासा करावा.’ पंचवीस वर्षांतला त्यांचा पहिला मेमो. खाली सही आदरणीय अध्यक्षांची आहे. मजकूर टाइप होण्याआधी माझ्याकडे आला होता. मी त्यातली शुद्धलेखनाची एक चूक दुरुस्त केली आणि परत पाठवला. हे मी कोणाला सांगितलेलं नव्हतं. बाईंनाही आत्ताच कळतं आहे.

त्यांनी खुलासा दिला एका ओळीचा, ‘हात लावला हे खरे आहे.’

त्यानंतर मी समितीची वाट पाहणं सोडलं. कोड खुला होता, तो उघडून बसलो. शेजारी खुर्ची मांडली आणि बाईंना म्हटलं, तुम्ही सांगा. त्या म्हणाल्या, “निरोप आला का तो सगळ्याइच्या वर येऊन बसला पायजे. अन मी वाचला म्हनून बटन दाबल्याबिगर तिथून हालला नाही पायजे.” तीन दुपारी गेल्या. पहिल्या दिवशी निरोप वर यायचा पण दुसरा आला की पहिला पुसला जायचा. बाईंनीच पकडलं. बीप परत सुरू केला. या पावसाळ्यात तिन्ही संगणकांवर तेच चाललं, आणि एकही निरोप झाकला गेला नाही. समितीच्या दप्तरी त्याला ‘तात्पुरती व्यवस्था’ म्हणतात. निवड अजून व्हायची आहे. नववी बैठक पुढच्या गुरुवारी आहे, विषय कडेचा रंग.

मागच्या आठवड्यात मी बाईंना म्हटलं, निवृत्तीआधी तो मेमो तुमच्या सेवापुस्तकातून काढायला लावतो, भांडतो हवं तर. त्या हातातलं काम न थांबवता म्हणाल्या, “काहून काढता? इतिवृत्तात मी नाही. पुराच्या अहवालात ‘केंद्राने तत्परतेने इशारा दिला’ असं लिवलं हाय. तीन वाजून बावीस मिनिटाले मी उठली, हे त्या मेमोतच हाय. राहू द्या.”

म्हणून मेमो राहील. पण त्याच्याबरोबर आणखी एक कागद राहावा, अशी माझी विनंती आहे. तो मी लिहून आणला आहे. त्यात दोनच वाक्यं आहेत. ‘त्या दिवशी निरोपांवर खिडकी मी पसरली होती, आणि गोपिका बापूजी मेश्राम यांनी दोनदा सांगूनही ती बाजूला केली नाही. त्यांनी ती बाजूला केली म्हणून चाळीस कुटुंबं वाचली.’ खाली माझी सही आहे, तारीख आजची आहे. अध्यक्ष महोदय, सेवापुस्तकात लावण्यासाठी तो आपल्यापुढे ठेवतो. हाराच्या आधी आपण त्यावर शेरा दिलात तर बरं होईल. सगळे बघत आहेत याचा मी फायदा घेतो आहे, हे मान्य करतो.

वायरलेस खोलीचे, कन्हान चौकीच्या लहानूचे, बापूजींचे, आणि एवढा वेळ शांतपणे बसलेल्या आपणा सर्वांचे आभार. पाच मिनिटांच्या जागी बराच वेळ घेतला, अध्यक्षांचा अवमान वाटावा असंही काही बोललो असेन. त्याबद्दल सभेने उदार मनाने मला सांभाळून घ्यावं.

गोपिकाबाई, तुमची क्षमा मात्र वेगळी मागायची आहे. खोलीत एकट्याने मागता आली असती. पण त्या दिवशी मी चारचौघांसमोर गप्प बसलो होतो, म्हणून आज चारचौघांसमोर मागतो.